रानातून आणलेले कासव घरी पाळावे का?

पावसाळ्याच्या दिवसांत शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी किंवा शहरालगतच्या रस्त्यावर कासव आढळणे ही आपल्या देशात नवलाची बाब नाही. मुले ते उत्साहाने घरी आणतात, बादलीत किंवा हौदात ठेवतात, आणि काही दिवसांतच ते घरातील एक सदस्य मानले जाऊ लागते. कासव घरात असल्यास लक्ष्मी नांदते, ही समजूतही अनेक कुटुंबांत आहे. मात्र निसर्गातून पकडलेले देशी कासव घरी ठेवणे हा भारतात गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा ते त्या जीवासाठी हळूहळू येणारे मरण ठरते. अशा कासवाचे काय करावे, याविषयी उपयुक्त माहिती येथे देत आहोत.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ हा या विषयातील मूळ कायदा होय. चंदीगडच्या सेक्टर ३९ मधील सदनिका असो, पुण्यातील बंगला असो किंवा सिंधुदुर्गातील घराचे परसदार असो, त्याच्या तरतुदी सर्वत्र सारख्याच लागू होतात. या कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याख्या व्यापक आहे. प्राण्यास ठार मारणे एवढाच तिचा अर्थ नसून त्यास पकडणे किंवा सापळ्यात अडकविणे याचाही तीत समावेश होतो. त्यामुळे तळ्यातून कासव उचलून पिशवीत घालणे ही कृतीदेखील कायद्याच्या दृष्टीने शिकारच ठरू शकते.

याच अधिनियमाचे कलम ३९ सर्वसामान्य नागरिकांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. या कलमानुसार बेकायदा पकडलेला किंवा बाळगलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. असा प्राणी कोणत्याही मार्गाने एखाद्याच्या ताब्यात आल्यास त्याने ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा प्राधिकृत अधिकाऱ्यास कळविणे आणि मागणी होताच प्राणी स्वाधीन करणे बंधनकारक आहे. कासव पैसे देऊन घेतले, कोणी भेट दिले किंवा मुलांनी आणले, यामुळे त्यावर मालकी हक्क निर्माण होत नाही.

२०२२ मध्ये या कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती करण्यात आली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. पूर्वी चौथ्या अनुसूचीत असलेले तारांकित कासव या दुरुस्तीने सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत आले. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे.

घरात कोणती कासवे आढळतात?

भारतीय घरांत आढळणारी कासवे प्रामुख्याने तीन प्रकारची असतात.

पहिले म्हणजे तळी, ओढे, कालवे व भातखाचरे यांत राहणारे मऊ पाठीचे कासव. त्याच्या पोटाकडील कवचाच्या मागील भागास दोन झडपा असतात. पाय आत ओढून घेतल्यावर या झडपा मिटतात. उत्तरेकडील सिंधू व गंगेच्या खोऱ्यांत आढळणाऱ्या या कासवाच्या पाठीवर पिवळे ठिपके असतात. दक्षिणेकडील कासवाच्या पाठीवर ते सहसा नसतात. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ते चिखलात स्वतःस गाडून घेते व पावसाळ्यात पुन्हा बाहेर पडते. पहिल्या पावसानंतर ते रस्त्यांवर दिसते, याचे हे एक कारण आहे.

दुसरे म्हणजे पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेले तारांकित कासव. हा जमिनीवर, कोरड्या झुडपी माळरानात राहणारा प्राणी आहे. त्यास पाण्याच्या टबात ठेवणे ही मोठी चूक आहे.

तिसरे म्हणजे डोळ्यांमागे लाल पट्टा असलेले हिरवे विदेशी कासव. त्याचे मूळ स्थान अमेरिकेतील मिसिसिपी नदीचा परिसर होय. दुकानांत ते नाण्याएवढ्या आकाराचे असताना विकले जाते. वाढल्यावर मात्र त्याची लांबी वीतभराहून अधिक होते आणि लहानशी काचपेटी त्यास अपुरी पडते.

घरी ठेवल्यास काय घडते?

कासवाचे कवच म्हणजे अंगावर चढविलेली ढाल नव्हे. ते त्याच्या पाठीचा कणा व बरगड्या एकत्र येऊन बनलेले असते व त्यात संवेदना असते. दोरी बांधण्यासाठी कवचास भोक पाडणे म्हणजे जिवंत हाडास इजा करणे होय.

हे कवच बळकट राहण्यासाठी चुना, म्हणजेच कॅल्शियम, आणि 'ड' जीवनसत्त्व यांची गरज असते. हे जीवनसत्त्व शरीरात तयार होण्यास सूर्यप्रकाशातील अतिनील किरण लागतात. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हात हे किरण पुरेसे पोहोचत नाहीत. तळ्यातील कासव गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती व मेलेले जीव खाते. घरात त्यास पोळी, भात किंवा पाव दिला जातो. परिणामी कवच मऊ पडते, वेडेवाकडे वाढते, डोळे सुजतात. कासवाची शरीरक्रिया संथ असल्याने हा आजार अनेक महिने उघड होत नाही. ते 'शांत' झाले आहे असे घरच्यांना वाटते, तेव्हा बहुधा ते आजारी असते.

माणसासही यात धोका आहे. निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावर साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. त्यांमुळे ताप, जुलाब व उलट्या होतात. पाच वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना त्याचा त्रास अधिक होतो. याच कारणास्तव अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

एका कासवाने काय बिघडते?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. कासव उशिरा वयात येते आणि त्याच्या पिल्लांपैकी फारच थोडी जगतात. ही उणीव प्रौढ मादी दीर्घायुष्यात वर्षानुवर्षे अंडी घालून भरून काढते. अशी एक मादी तळ्यातून उचलली गेल्यास पुढील कित्येक वर्षांची पिल्ले त्या तळ्यातून नाहीशी होतात.

शिवाय घरोघरच्या हौसेवरच मोठा अवैध व्यापार पोसला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आंध्र प्रदेशातील केवळ एका व्यापार केंद्रातून वर्षभरात किमान ५५ हजार तारांकित कासवे पकडली गेल्याचे आढळले. वन्यजीव व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेच्या अहवालानुसार, सप्टेंबर २००९ ते सप्टेंबर २०१९ या दहा वर्षांत देशात १ लाख ११ हजारांहून अधिक कासवे अवैध व्यापारात सापडली. वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने डिसेंबर २०१६ ते जानेवारी २०१७ या काळात राबविलेल्या 'सेव्ह कूर्म' मोहिमेत १५ हजार ७३९ जिवंत कासवे हस्तगत करण्यात आली. २०१९ मध्ये तारांकित कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वाधिक कडक निर्बंध घालण्यात आले.

पकडलेले कासव परत निसर्गात पोहोचविणे किती कष्टाचे असते, याचे एक उदाहरण २०१८ मध्ये समोर आले. सिंगापूरमध्ये अवैधरीत्या पाळलेली ५१ तारांकित कासवे त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये विमानाने कर्नाटकात आणण्यात आली. विलगीकरण, आरोग्य तपासणी आणि नव्या परिसराची सवय, हे टप्पे पार केल्यावाचून त्यांना मोकळे सोडणे शक्य नव्हते.

कासव आढळल्यास काय करावे?

रस्ता ओलांडणारे कासव दिसल्यास ते ज्या दिशेने जात होते त्याच बाजूस, रस्त्याच्या कडेला अलगद ठेवावे व निघून जावे. ते 'हरवलेले' नसते. मऊ पाठीचे कासव चावू शकते, म्हणून कवच दोन्ही हातांनी मागील बाजूने धरावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

कासव जखमी असल्यास त्यास हवेशीर खोक्यात, सावलीत ठेवून वन विभागास कळवावे. त्याला खाऊ घालण्याचा प्रयत्न करू नये. महाराष्ट्रात वन विभागाने २०१७ मध्ये '१९२६' या क्रमांकाची मदतवाहिनी सुरू केली. चंदीगडमध्ये प्रशासनाच्या वन व वन्यजीव विभागाशी संपर्क साधता येतो. हे शक्य नसल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे.

कासव आधीपासूनच घरात असल्यास काय करावे, हा अधिक अवघड प्रश्न आहे. कारवाईच्या भीतीने अनेकजण ते रात्री मंदिराच्या विहिरीत, नदीत किंवा चंदीगडच्या सुखना तलावासारख्या जलाशयात सोडून देतात. असे कदापि करू नये. तारांकित कासव खोल पाण्यात बुडून मरते. दीर्घकाळ घरात राहिलेले कासव इतर कासवांत रोग पसरवू शकते. विदेशी कासव तर देशी कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. गुवाहाटीच्या दीपोर बील या पाणथळीत ते आढळून आले आहे. जगातील सर्वांत उपद्रवी अशा १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याच्या आयातीवर बंदी घातली.

देशी कासव स्वतःहून वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच योग्य मार्ग आहे. ते कोठून व केव्हा आणले हे खरेपणाने सांगावे. मूळ ठिकाण कळल्यास त्यास तेथे परत सोडण्याची शक्यता वाढते.

मुलांची समजूत कशी घालावी?

लळा लागलेले कासव देऊन टाकताना मुलांना दुःख होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी ते वन विभागाकडे नेताना मुलांनाही सोबत न्यावे. कासवाचे निरीक्षण त्याच्या स्वतःच्या जागी करता येते, हेही त्यांना दाखवावे. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांच्या साह्याने समुद्री कासवांच्या संवर्धनाचे काम २००२ पासून उभे केले. तेथे पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्यासाठी दूरदूरहून कुटुंबे येतात.

महाराष्ट्रातील शिवमंदिरांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव कोरलेले असते आणि भाविक त्यास नमस्कार करून पुढे जातात. जिवंत कासवाच्या वाट्यालाही एवढाच मान यावा: दुरून पाहावे आणि त्यास त्याच्या पाण्यात राहू द्यावे.