कॉन्कॅजॅनिन : तुरीचे विस्मरणात गेलेले नाव

लातूरच्या आडत बाजारात तूर लाल, पांढरी, काळी अशा नावांनी ओळखली जाते. १९२९ साली याच तुरीतील प्रथिनांनाही दोन नावे मिळाली होती : कॅजॅनिन आणि कॉन्कॅजॅनिन.

लातूर, नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. नामकरण झाले बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत. सुंदरम, नॉरिस आणि सुब्रह्मण्यन यांनी तुरीतील दोन ग्लोब्युलिने वेगळी केली. ग्लोब्युलिन म्हणजे शुद्ध पाण्यात न विरघळणारे, पण मिठाच्या पाण्यात विरघळणारे प्रथिन. यांतील सुब्रह्मण्यन पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे पहिले संचालक झाले.

स्वतंत्र नाव मिळणे ही किरकोळ गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकात जर्मन रसायनज्ञ लीबिग याने शेंगवर्गीय बियांतील प्रथिनाला ‘वनस्पतिजन्य केसीन’ ठरवून टाकले होते. आम्ल घातले की दुधातील केसीनप्रमाणे तेही साकळते. मग दोन्ही एकच! इतक्या मोठ्या माणसाचा इतका घाईचा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षे वजन राखून होता. तो खोडला अमेरिकेच्या ऑसबर्नने. बियांमागून बिया तपासून त्याने दाखविले, की त्यांतील प्रथिने वेगवेगळी आहेत.

हा भेद आहाराच्या दृष्टीनेही मोलाचा. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते; तुरीत ते भरपूर असते, पण मेथिओनिन कमी. भाकरी आणि वरण एकमेकांची उणीव भरून काढतात. मराठवाड्याच्या ताटाने हा हिशेब प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी मांडला होता.

‘कॉन्’ हा उपसर्ग जोडीदाराचा. अमेरिकन शास्त्रज्ञ समनर याने १९१९ मध्ये अबईच्या कुळातील एका शेंगेतून कॅनॅव्हॅलिन आणि कॉन्कॅनॅव्हॅलिन मिळविले होते. तुरीची जोडनावे त्याच वळणाची दिसतात.

नशीब मात्र निराळे. कॉन्कॅनॅव्हॅलिन-ए शर्करेला चिकटते, म्हणून आजही जगभरच्या प्रयोगशाळा ते विकत घेतात. कॉन्कॅजॅनिनला असा आश्रयदाता लाभला नाही. अतिवेगवान अपकेंद्रण यंत्र आले, प्रथिने किती वेगाने तळाशी बसतात हे मोजता येऊ लागले आणि कडधान्यांची ग्लोब्युलिने मुख्यतः ७एस व ११एस अशा दोन गटांत विभागली गेली. जुनी नावे मागे पडली.

‘कॅजॅनिन’ शब्द आजही सापडतो. पण आता ते प्रथिनाचे नाव नाही; तुरीतीलच एका आयसोफ्लॅव्होनला ते देण्यात आले आहे.