जंगम मालमत्ता : दागिना कुणाचा, पैसा कुणाचा?

जायदाद म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घर, शेत, प्लॉट येतो. पण घरोघरी भांडण पेटतं ते बहुतेकदा दागिने, बँकेतली रक्कम, दुचाकी नाहीतर गुरांवरून. कायद्याच्या भाषेत ही जंगम मालमत्ता. वर्गात हा विषय निघाला की आम्हाला हमखास विचारलं जातं, "अम्मीचे दागिने दादीच्या कपाटात आहेत, मग ते कुणाचे?" त्यासाठी काही गोष्टी नीट समजून घेऊ.

जंगम म्हणजे काय? जमीन आणि जमिनीला कायम जोडलेल्या वस्तू स्थावर, बाकी सगळं जंगम. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ मध्ये उभं पीक आणि गवतसुद्धा स्थावर धरलेलं नाही. शेअर्सही जंगमच.

मालकी आणि ताबा. वस्तू हातात आहे म्हणून ती आपली होत नाही. सांभाळायला दिलेली वस्तू ही अमानत. काम झालं की परत करायची. गहाण ठेवलेल्या सोन्याचा ताबा सावकाराकडे जातो, मालकी कर्जदाराचीच राहते. कर्ज थकलं तर भारतीय करार कायदा १८७२ नुसार सावकाराला रीतसर सूचना देऊन सोनं विकता येतं, पण येणं वळतं करून उरलेली रक्कम कर्जदाराला द्यावी लागते. म्हणजे दादीच्या कपाटातले अम्मीचे दागिने अम्मीचेच.

हिबा. यात तीन गोष्टी लागतात : देणाऱ्याने जाहीर करणं, घेणाऱ्याने कबूल करणं आणि ताबा देणं. कागद सक्तीचा नाही. तोंडी हिबा चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हफीजा बीबी खटल्यात स्पष्ट केलं. पण "मी गेल्यावर हे तुझं" असं म्हटलं तर तो हिबा नव्हे, वसीयत झाली. तिला एक तृतीयांशाची मर्यादा आहे.

मेहर आणि भेटी. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर माहेरून, सासरहून, मित्रमंडळींकडून स्त्रीला मिळालेल्या वस्तू तिच्याच. तलाक झाल्यास मेहर आणि या वस्तू मिळवण्यासाठी १९८६ च्या कायद्याने तिला मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

वारसा. मयताच्या मालातून आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसीयत आणि उरलेल्याची वाटणी. न दिलेला मेहरही कर्जच आहे. वाटणीच्या घाईत नेमका तोच विसरला जातो. मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. बँक खात्याचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. केवळ नाव लागलं म्हणून तो मालक होत नाही. त्या पैशावर सगळ्या वारसांचा हक्क राहतो.

करायचं काय? निकाहाच्या वेळीच दागिन्यांची वजनासह यादी करा, दोन्हीकडच्या सह्या घ्या, पावत्या मुलीजवळ ठेवा. उधारी लिहून ठेवण्याची ताकीद तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. यादी मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे समजतात. आम्हाला वाटतं, नाती बिघडतात ती यादी नसल्यामुळे. आपल्या घरातल्या लेकीला आजच विचारा, तिच्या दागिन्यांची पावती कुठे आहे?