राखलेली वार्ता

महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांत ‘गोपनीय’ हे विशेषण कधीच नाम होऊन बसले आहे. ‘गोपनीयला विचारा’, ‘गोपनीयचा फोन होता’ असे तिथे सहज बोलतात. लोणी काळभोरला तुकोबांची पालखी पुण्याहून मुक्कामाला यायची असो, सोलापूर रस्त्यावर रास्ता रोको व्हायचा असो की गावात निवडणूक लागलेली असो, कुठे काय शिजते आहे ते आधी वर कळवायचे काम गोपनीयच्या हवालदाराचे. २०२१ साली लोणी काळभोरचे ठाणे पुणे ग्रामीणमधून शहर आयुक्तालयात आले आणि त्याच्या अहवालाची वाट बदलली. पूर्वी तो जिल्हा विशेष शाखेकडे जाई, आता शहराच्या विशेष शाखेकडे जातो. त्याही वर राज्य गुप्तवार्ता विभाग, मग गृह विभाग, मग गृहमंत्री. इथे ही वाट थांबते. लोणीकरांनी निवडून दिलेल्या आमदारापर्यंत ती पोहोचत नाही.

का पोहोचत नाही, याचे उत्तर कायद्यात आहेच. पण ‘गुप्तवार्ता’ हा शब्द उकलून पाहिला तर ती वाट पोहोचायला हवी होती, असे मला वाटते.

‘गोपनीय’ आणि ‘गुप्त’ हे दोन्ही शब्द ‘गुप्’ धातूचे. या धातूचा पहिला अर्थ लपवणे हा नव्हे, राखणे हा आहे. अभ्यासक आणखी मागे जातात: ‘गुप्’ हा धातूच मुळात ‘गोपा’, म्हणजे गाई राखणारा, या शब्दावरून मागाहून तयार झाला, असे ते सांगतात. म्हणजे गुप्त ते, जे गुराख्याच्या नजरेखाली आहे. राखणे आले की आडोसा आला, आडोशावरून लपवणे आले, आणि पुढे दुसऱ्या अर्थाने पहिल्याला झाकून टाकले.

‘वार्ता’ची कहाणी याहून सुंदर आहे. कौटिल्य चार विद्या सांगतो: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती. त्यातली वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार, थोडक्यात लोकांची उपजीविका. लोक कसे जगतात ते वार्ता. पुढे लोकांचे कसे चालले आहे याची हकीकत तीही वार्ता झाली. प्राकृतात तिची ‘वत्ता’ झाली, त्यातून ‘बात’ निघाली, आणि आपल्या ‘बातमी’च्या पोटात तीच ‘बात’ आहे. हिंदीने सरकारी कामासाठी ‘आसूचना’ हा शब्द घेतला; तो कोरा आहे, त्याला मातीचा वास नाही. मराठीने ‘गुप्तवार्ता’ घेतला. त्याचे दोन्ही अर्धे गोठ्यातून आणि शिवारातून आलेले आहेत. राखलेली लोकवार्ता असा त्याचा अर्थ लावला तर शब्दावर मुळीच जुलूम होत नाही.

खबर काढण्याचे काम करणाऱ्या माणसांची नावे किती होती! अर्थशास्त्रातल्या गूढपुरुषांत कापटिक, उदास्थित, गृहपतिक, वैदेहक, तापस हे एका जागी बसून काम करणारे, आणि सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी हे फिरणारे. यातला ‘रसद’ म्हणजे विष घालणारा. फौजेला पोचवायची रसद हा फारसीतून आलेला निराळाच शब्द, दोघांची गल्लत करू नये. आपला ‘हेर’ हेरणाऱ्याचा, म्हणजे नजरेने टिपणाऱ्याचा. ‘गुप्तहेर’ हा शब्द आता रूढ झाला खरा, पण उघडपणे हेरणारा हेर कुणी पाहिला आहे? ‘जासूद’ हा अरबी ‘जासूस’चा मराठी अवतार. सभासद बखरीत सुरतेची खबर आणणारा बहिर्जी जासूद म्हणूनच येतो. पेशवाईत जासूद जोडीने धावत, म्हणून पत्रांत ‘जासूद जोडी’ भेटते. लोणीपासून जवळच असलेल्या थेऊरला थोरल्या माधवरावांनी अखेरचे दिवस काढले आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते तिथेच गेले. पेशवा जिथे तिथे कारभार, तेव्हा या आजारपणात राज्याची खबर याच मुलखातून धावली असणार.

‘खबर’चे अरबी अनेकवचन ‘अखबार’. दरबारांतून निघणाऱ्या बातमीपत्रांना अखबार म्हणत, मग छापील वर्तमानपत्राला म्हणू लागले. मराठीत मात्र वाटणी झाली. बातमीदार पूर्वी सरकारासाठी खबर काढणारा होता, तो आज वाचकांसाठी काढतो. पोलिसांसाठी काढणारा तो खबऱ्या. एकाच कामाचे दोन धनी झाले आणि भाषेने दोघांना वेगळी नावे दिली. धनी कोण हे भाषा विसरत नाही.

आता मुख्य शब्दाकडे येतो. शिवाजी महाराजांच्या कारभारात ‘वाकनीस’ हे पद होते. अरबी ‘वाकिआ’ म्हणजे घडलेली गोष्ट, फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. दरबारात घडेल ते नोंदणे, आमंत्रणे, राजकारणाची खबर ठेवणे हे त्याचे काम. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास पदांना संस्कृत नावे मिळाली, राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि वाकनीस दत्ताजी त्रिंबक हे ‘मंत्री’ झाले. आज गृहमंत्र्यांपासून राज्यमंत्र्यांपर्यंत सर्वांना लावला जाणारा हा शब्द अष्टप्रधानांत एकट्या खबर ठेवणाऱ्याचा होता. आणि तो नेमका होता, कारण ‘मंत्र’ म्हणजे बंद दाराआडची मसलत.

राज्यघटनेनेही मंत्र्याकडून दोन शपथा घेतल्या आहेत, एक पदाची आणि दुसरी गोपनीयतेची. आमदार-खासदाराला गोपनीयतेची शपथ नाही. म्हणून मंत्र्याला गुप्तवार्ता कळते, आमदाराला कळत नाही. ‘आम’ आणि ‘खास’ यांत दिवाण-ए-आम आणि दिवाण-ए-खास एवढे अंतर असले, तरी या दारापाशी आमदार आणि खासदार सारखेच बाहेर उभे असतात.

मग रोजच्या व्यवहारात आमदार आणि गुप्तवार्ता विभाग यांची गाठ पडते कुठे? कागदावर. आमदार तारांकित प्रश्न टाकतो, लक्षवेधी देतो. प्रश्नाचा साचा ठरलेला: अमुक घडले ‘हे खरे आहे काय’? उत्तरेही ठरलेली: ‘होय’, ‘नाही’, ‘अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. माहिती विभागाची, मसुदा मंत्रालयातला, उत्तर मंत्र्याच्या तोंडचे. ज्याने खबर काढली तो आणि ज्याने प्रश्न विचारला तो समोरासमोर येत नाहीत. २०२१च्या पावसाळी अधिवेशनात आमदार नाना पटोले यांनी आपला फोन भलत्याच नावाखाली ऐकला गेल्याची तक्रार विधानसभेत केली. चौकशीला नेमलेली समिती पोलीस अधिकाऱ्यांची होती. पुढे पुण्यात गुन्हा नोंदला गेला आणि २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. खरेखोटे काय ते बाजूला राहू दे; मला खटकते ते एवढेच की सभागृहाच्या सदस्याचा प्रश्न जिच्यापुढे जावा अशी, गुप्तवार्तेवर नजर ठेवणारी सभागृहाची कायम समितीच नव्हती. फोन ऐकण्याच्या आदेशांचा फेरविचार करणारी राज्याची समितीही मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची, सगळी सचिवांचीच आहे.

अमेरिकेत सीआयएमध्ये काँग्रेसशी संबंध ठेवण्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे देणे, बंद दाराआड माहिती देणे, साक्षीची तयारी करणे हे तिथले रोजचे काम. ही सवय आपोआप लागली नाही. १९७५च्या चर्च समितीने यंत्रणांचे गैरप्रकार चव्हाट्यावर आणले, तेव्हा १९७६ साली सिनेटची आणि १९७७ साली प्रतिनिधिगृहाची कायम समिती झाली. ब्रिटनने १९९४च्या कायद्याने अशी समिती नेमली. आपल्याकडे गुप्तचर विभागाचा, म्हणजे आयबीचा, वंश १८८७पर्यंत जातो, रॉ १९६८ची. पण त्यांच्यावर नजर ठेवणारी संसदेची समिती आजही नाही. खासदार मनीष तिवारी यांनी २०११ साली त्यासाठी खासगी विधेयक मांडले, त्याचा कायदा झाला नाही.

दोन सत्तांमध्ये असा दुवा असणाऱ्याला मराठीत नाव नव्हते असे नाही. त्याला वकील म्हणत. अरबी ‘वकील’ म्हणजे ज्याच्यावर काम सोपवले तो. दिल्लीत पेशव्यांचे वकील हिंगणे होते, निजामाकडे गोविंदराव काळे. त्यांनी दोन्हीकडे बोलायचे, ऐकायचे आणि लिहून कळवायचे. आज तो शब्द कोर्टात गेला आणि ‘वकिलात’ परदेशात उरली. गुप्तवार्ता विभाग आणि विधानभवन यांच्यात मात्र ना वकील, ना वकिलात.

गुराखी गाई राखतो, त्या त्याच्या नसतात. संध्याकाळी मालकाला मोजून द्याव्या लागतात. गुप्तवार्ता राखलीच पाहिजे, ती चव्हाट्यावर मांडा असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण मोजून घेणारा हवा. विधिमंडळाने सर्व पक्षांच्या मोजक्या सदस्यांची कायम समिती नेमावी, त्यांना मंत्र्यांप्रमाणेच गोपनीयतेची शपथ द्यावी, आणि विभागाने तिच्यापुढे हजर राहण्यासाठी एक अधिकारी कायमचा नेमून द्यावा. त्या अधिकाऱ्याच्या पदाला नाव शोधत बसण्याची गरज नाही. ‘वाकनीस’ हे नाव आज रिकामेच आहे.