गॅरेजच्या आधीचे गूगल

गूगलचा इतिहास बहुतेक ठिकाणी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या एका गॅरेजपासून सुरू होतो. सप्टेंबर १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी कंपनीची नोंदणी केली, सुझन वोजिस्की यांच्या घराचे गॅरेज भाड्याने घेतले आणि पाहता पाहता जग जिंकले, अशी ती कथा. त्यातले प्रसंग खरे आहेत. पण सुरुवात तिथून केली, की गूगलला मोठे करणारी मूळ पुंजी कुणाची होती, हे दिसेनासे होते. माझ्या मते ती पुंजी सार्वजनिक होती: सरकारी पैशावर चाललेले संशोधन, ग्रंथालयांच्या जगातली जुनी कल्पना आणि वेबवर विनामोबदला लिहिणाऱ्या असंख्य माणसांची पारख.

शोधयंत्रे आधीही होती. १९९० मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ तयार केले. ते फायलींची नुसती नावे शोधून देई. १९९५ च्या डिसेंबरात अल्टाव्हिस्टा आले आणि पानांच्या आतला मजकूरही मोठ्या प्रमाणावर चाळता येऊ लागला. मग खरी अडचण उभी राहिली. सापडलेल्या हजारो पानांतले आधी कोणते दाखवायचे? शब्द किती वेळा आला यावरच क्रम लावला, तर तो उगाच पन्नासदा लिहिणारा वर चढतो. यावरचा तोडगा संगणकाबाहेर तयार होता. यूजीन गारफिल्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने १९६० च्या दशकातच दाखवले होते, की एखाद्या शोधनिबंधाचा हवाला किती जण देतात यावरून त्याचे वजन जोखता येते. १९७६ मध्ये पिन्स्की आणि नरीन यांनी त्यात महत्त्वाची भर घातली: हवाला देणारे नियतकालिक जितके वजनदार, तितका त्याचा हवाला मोलाचा. पेज आणि ब्रिन यांनी १९९६ च्या सुमारास हाच विचार वेबला लावला. एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे हवाला, आणि वजनदार पानाची लिंक अधिक मोलाची. हे ‘पेजरँक’ घडले ते स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पाच्या आधाराने, ज्याला अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा होता. जम्मूत जन्मलेले, आयआयटी कानपूरमध्ये शिकलेले प्राध्यापक राजीव मोटवानी तिथे त्यांचे मार्गदर्शक आणि सहलेखक होते. पेटंटही कंपनीचे नव्हे, स्टॅनफर्डचे. त्याच्या परवान्याबदली मिळालेले समभाग विकून विद्यापीठाला २००५ पर्यंत सुमारे ३३.६ कोटी डॉलर मिळाले.

यावर कुणी म्हणेल, हे ज्ञान तर सर्वांना खुले होते. मग गूगल या दोघांनीच का उभारले? आक्षेप वजनाचा आहे. स्वस्त, सहज बिघडणारी यंत्रे शेकड्यांनी जोडून त्यांच्याकडून भरवशाचे काम करून घेणे सोपे नव्हते. पेज आणि ब्रिन यांच्या १९९८ च्या शोधनिबंधात २.४ कोटी पानांची नोंद होती. जून २००० मध्ये कंपनीने १०० कोटी पत्त्यांची सूची जाहीर केली. ही झेप त्यांचीच, आणि तिचे श्रेय कमी करण्याचे कारण नाही. पण त्याच काळात अमेरिकेत रॉबिन ली, ज्यांनी पुढे चीनमध्ये बायडू काढली, आणि जॉन क्लाइनबर्ग हेही लिंकांवरून पानांचा दर्जा ठरवण्याच्या पद्धती स्वतंत्रपणे मांडत होते. कल्पना सामायिक जमिनीत पिकलेली होती, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

या जमिनीबाहेर काय राहिले, हे मराठीच्या अनुभवावरून कळते. त्या वर्षांत अनेक मराठी संकेतस्थळे आपापल्या खास फाँटमध्ये मजकूर ठेवत. वाचकाला देवनागरी दिसे, यंत्राच्या हाती मात्र निरर्थक रोमन चिन्हे लागत. मग देवनागरीत केलेला शोध तिथवर पोचणार कसा? मराठी शोधता येऊ लागली ती युनिकोडमध्ये मजकूर आल्यावर, आणि तो आणण्यात २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर फुकट खपणाऱ्यांचा वाटा मोठा आहे. गूगलला शोधण्याजोगी मराठी त्यांनी पुरवली.

पैशाचा मार्गही उसना होता. जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, असा इशारा पेज आणि ब्रिन यांनीच १९९८ मध्ये दिला होता. शोधशब्दांचा लिलाव त्याच वर्षी बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ कंपनीने सुरू केला. गूगलने तो २००२ मध्ये उचलला. पेटंटचा वाद मिटवण्यासाठी २००४ मध्ये त्या कंपनीची नवी मालक याहू हिला २७ लाख समभाग द्यावे लागले. गूगलची स्वतःची सुधारणा अशी, की बोलीबरोबरच लोक त्या जाहिरातीवर किती क्लिक करतात हेही धरायचे. म्हणजे इथेही निवाडा बाहेरच्यांचाच.

लोक गूगल वापरतात ते ते सर्वांत चांगले आहे म्हणून, त्यात गैर काय, हा दुसरा आक्षेप. दर्जा चांगला आहे, हे गूगलविरुद्धच्या अमेरिकेतल्या मक्तेदारीच्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनीही ऑगस्ट २०२४ च्या निकालात मान्य केले, आणि तरीही कंपनीने मक्तेदारी बेकायदा टिकवली असे ठरवले; फोन आणि ब्राउझरमध्ये आपलेच यंत्र आधीपासून बसवलेले असावे यासाठी तिने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. नुसत्या दर्जावर लोक टिकत असते, तर एवढी रक्कम कशासाठी? सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने गूगलला तिचा क्रोम ब्राउझर विकायला लावण्यास नकार दिला, पण शोधसूचीचा आणि वापरकर्त्यांच्या व्यवहारांतून जमलेल्या माहितीचा काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला.