उचलीची वही

इतिहास शिकविणाराच्या हातून एक अपराध सहज घडतो. तो कायद्याची तारीख सांगतो, आणि त्या तारखेस ती गोष्ट संपली असें विद्यार्थी समजतात. ‘हिंदुस्थानांतील गुलामगिरी १८४३ च्या पांचव्या ॲक्टानें बंद झाली’ हें वाक्य आम्हीं वर्गांत किती वेळां उच्चारलें असेल याची गणती नाहीं. वाक्य खोटें नाहीं. परंतु तो अवघ्या चार कलमांचा कायदा उघडून पाहिला म्हणजे त्यांत गुलामास मुक्त केल्याचें कोठेंच आढळत नाहीं. माणसावरील मालकीचा हक्क सांगत धनी कोर्टांत आला तर कोर्टानें तो मानूं नये, एवढेंच त्याचें सार. त्या वाक्यांत काय राहून गेलें, तें भिवंडीकडे पाहिलें म्हणजे कळतें.

गुलाम म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें अमेरिकेंतील कापसाचे मळे, जहाजें आणि बेड्या येतात. आपल्या घरच्या शब्दांकडे आपण पाहत नाहीं. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला, आणि ती विष्टि कौटिल्याच्या परिचयाची होती. ‘बिगार’ फारसींतून आला. दोन काळांनीं दिलेले दोन शब्द जोडून आपण ‘वेठबिगार’ केला. पेशवाईंत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, हेंही अभ्यासकांस नवें नाहीं. खरेदीची ही गुलामगिरी कायद्यानें मागें पडली खरी. पण तिच्या शेजारीं दुसरी एक नांदत होती. तिला विक्रीपत्र लागत नसे. उसने दिलेले थोडे रुपये आणि कागदावर एक अंगठा, एवढें पुरे होई.

या दुसरीला सरकारनें मोडलें तर नाहींच, उलट हात दिला. १८४३ नंतर सोळाच वर्षांनीं, १८५९ सालीं, तेरावा ॲक्ट झाला. आगाऊ पैसे घेऊन कारागिरानें वा मजुरानें काम टाकलें तर मॅजिस्ट्रेटनें त्यास पैसे परत करण्याचा किंवा काम पुरें करण्याचा हुकूम द्यावा, आणि त्यानें तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी ठोठवावी, अशी त्यांत तजवीज होती. कर्जदार साहुकार असो वा सरदार, त्याच्यावर दिवाणी दावा लावावयाचा. मजुरानें उचल बुडविली तर मात्र फौजदारी! हा कायदा १९२५ सालीं रद्द ठरेपर्यंत पुस्तकांत होता. आमच्या क्रमिक पुस्तकांत १८४३ साल ठळक अक्षरांत असतें; १८५९ साल सत्तावनच्या धामधुमींत झांकून जातें.

ठाणें जिल्ह्यांत या बंधनाला एक नांव होतें: लग्नगडी. वारल्याचें वा कातकऱ्याचें लग्न ठरावें, खर्चाला सावकार-जमीनदारानें पैसे द्यावे, आणि नवऱ्यानें ते फिटेपर्यंत त्याच्या घरीं राबावें, बहुधा नवरीनेंही. मंगलकार्य आणि दास्य यांचा मुहूर्त एकच! मुंबई सरकारच्या सिमिंग्टन नामक सिव्हिलियन अधिकाऱ्याच्या १९३९ च्या अहवालानें ही स्थिति सरकारदरबारीं नोंदविली. पुढें २३ मे १९४५ रोजीं उंबरगांव तालुक्यांतील झरी येथें शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकारानें वारली जमले, आणि वेठ करावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें. अहवालानें जें सहा वर्षांत झालें नव्हतें, त्यास एका सभेनें तोंड फुटलें.

१९५० च्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठबिगारीस मनाई केली. तरीही प्रत्यक्ष निर्मूलनाचा वटहुकूम निघावयास १९७५ चा ऑक्टोबर उजाडला, व १९७६ मध्यें त्याचा कायदा झाला. हा कायदा १८४३ च्या कायद्याहून फार शहाणा आहे. त्यानें माणसास मुक्त केलेंच, पण त्याचें कर्जही नाहींसें केलें. आणि ‘हें वेठबिगारीचें कर्ज नव्हे’ हें सिद्ध करण्याचा भार कर्ज देणारावर टाकला. सुप्रीम कोर्टानें १९८२ मध्यें एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत याहून पुढचें पाऊल टाकलें. भुकेनें गांजलेला माणूस किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबतो तेव्हां तीही सक्तीच होय, असा निकाल न्यायमूर्ति भगवतींनीं दिला. त्याच सुमारास विवेक व विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेनें वसईकडून आरंभ करून ठाणें जिल्ह्यांतील वेठबिगार कायद्याच्या आधारें सोडविण्यास सुरुवात केली.

भिवंडी तालुक्यांतील वीटभट्ट्यांवर ही वही अजून चालते. पावसाळ्यांत कातकऱ्याच्या हाताला काम नसतें आणि घरांत दाणा नसतो. तेव्हां भट्टीवाल्याची किंवा त्याच्या मुकादमाची उचल घरीं येते. दिवाळी झाली कीं कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर जाऊन भोंग्यांत बिऱ्हाड करतें. नवरा चिखल तुडवितो, बायको साच्यांतून विटा पाडते, पोरें त्या उलटून वाळवितात; वहींत नांव मात्र एकट्या नवऱ्याचें. मजुरी हजार विटांच्या हिशेबानें ठरते, पण ती हातीं पडत नाहीं. आठवड्याला मिळते ती ‘खर्ची’, म्हणजे मीठ-मिरचीपुरते पैसे, आणि तेही वहींत चढतात. अवकाळी पावसानें कच्च्या विटा विरघळल्या कीं पुष्कळ ठिकाणीं ती तूट मजुराच्याच माथीं येते. मृगाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हां आठ महिने राबलेल्या माणसाकडेच ‘बाकी’ निघते. लिहितो मालक, बेरीज करतो मालक. मजुरास आंकडा वाचतां येत नाहीं. २०२२ सालींदेखील या तालुक्यांत कातकरी कुटुंबांस वेठबिगारींतून सोडवावें लागलें. येथें ना बेडी, ना कुलूप.

याच तालुक्यांत आज मोठमोठ्या व्यापारी कंपन्यांचीं गोदामें उभीं आहेत, आणि शहरांत यंत्रमाग आहेत. मागावरील प्रत्येक कामगार वेठबिगार आहे असें म्हणणें अन्यायाचें होईल. उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेला हा माणूस मीटरच्या हिशेबानें कापड विणतो, बिस्सींत उधारीवर जेवतो आणि हिशेब झाला म्हणजे फेडतो. पुष्कळांचें हें चक्र नीट फिरतें. परंतु त्याच्या मागाची रचना पाहण्यासारखी आहे. सूत व्यापाऱ्याचें, माग दुसऱ्याचा, माणसें मुकादमाचीं, आणि कापड कोठल्या तरी दूरच्या कंपनीच्या शिक्क्यानें विकलें जावयाचें. त्या कंपनीस मजुराचें नांव ठाऊक नसतें. ठाऊक नसणें सोयीचेंही असतें.

हें अज्ञान मोडण्याकरितां ब्रिटननें २०१५ सालीं कायदा केला. ज्या कंपनीची वार्षिक उलाढाल तीन कोटी साठ लक्ष पौंड वा अधिक आहे, तिनें आपल्या कारभारांत व माल पुरविणाऱ्यांच्या साखळींत गुलामगिरी राहूं नये म्हणून काय केलें, याचें निवेदन दरसाल प्रसिद्ध करावें. गंमत अशी कीं ‘आम्हीं कांहींच केलें नाहीं’ एवढें लिहूनही कायदा पाळला असें होतें! आपल्याकडेही सेबीनें शेअर बाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांकडून २०२२-२३ पासून असा वृत्तांत मागविला आहे. हीं निवेदनें आम्हीं चाळलीं आहेत. भाषा सुबक, कागद सुबक. पुरवठादारानें ‘आमच्याकडे सक्तीची मजुरी नाहीं’ या ओळीखालीं सही केलेली असते, आणि कंपनी ती सही पुढें पाठविते. अशी सही १८४४ सालीं ठाण्याच्या कोणत्याही जमीनदारानें आनंदानें केली असती.

‘तुमच्याकडे गुलाम आहेत काय?’ या प्रश्नास भट्टीवाला प्रामाणिकपणेंच ‘नाहीं’ म्हणेल. गोदामाच्या भिंतीसाठीं विटा घेणाऱ्या कंपनीनें त्यास निराळे प्रश्न विचारावे. उचल कोणत्या महिन्यांत दिली? ती कोणाच्या नांवें? खर्ची वजा जातां हजार विटांमागें बाईच्या हातांत काय पडलें? बाकी असतां एखादें कुटुंब मध्येंच निघून गेलें तर त्याच्यामागें कोण गेलें? याचीं उत्तरें कोणत्याही छापील नमुन्यांत मिळावयाचीं नाहींत; तीं भट्टीवाल्याच्या लाल वहींत असतात. ती वही मागण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास १९७६ पासून आहे. कंपनीस तर तो विटांचा सौदा करतांनाच मिळतो. पैसे चुकते करण्यापूर्वीं तिनें वही पाहावयास मागितली, तर नाहीं म्हणण्याची भट्टीवाल्याची प्राज्ञा नाहीं.