पेंडाइनच्या वाळूंतील 'बॅब्स'

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन हें एक लहानसें गांव आहे. ओहोटी लागली म्हणजे तेथें सात मैल लांबीची सपाट, घट्ट वाळू उघडी पडते. १९२० नंतर मोटारींचा वेग रस्त्यांत मावेनासा झाला, तेव्हां ब्रिटनमधील विक्रमवीरांनीं हीच वाळू निवडली. आणि त्यांच्यापैकीं एकाची गाडी याच वाळूंत बेचाळीस वर्षें पुरलेली राहिली.

तिचें नांव 'बॅब्स'. जन्म मात्र परक्या घरीं झाला. काउंट लुई झ्बोरोव्स्की या धनाढ्य व हौशी गृहस्थानें कँटरबरीजवळील हायम येथें ती बांधविली. पहिल्या महायुद्धांत विमानांसाठीं अमेरिकेंत तयार झालेलें 'लिबर्टी' एंजिन, बारा सिलिंडरांचें, २७ लिटरांचें, त्यानें मोटारीच्या सांगाड्यावर चढविलें आणि मागचीं चाकें सायकलीप्रमाणें सांखळीनें फिरविलीं. १९२४ सालीं मोंझाच्या शर्यतींत तो मृत्यु पावला. त्याच्या मिळकतींतून ही गाडी १२५ पौंडांस विकत घेणारा गृहस्थ म्हणजे जॉन गॉडफ्रे पॅरी-टॉमस.

टॉमस हा केवळ धाडसी सारथि नव्हता. लेलंड कंपनीचा तो मुख्य एंजिनियर. 'लेलंड एट' ही नामांकित गाडी त्याच्याच बुद्धीचें अपत्य. ती मानाची जागा सोडून तो ब्रुकलंड्सच्या शर्यतमार्गाजवळ घर करून राहिला, यावरून त्याच्या वेडाची कल्पना यावी. त्यानें गाडीस नवीं कार्ब्युरेटरें व स्वतः आंखलेले पिस्टन बसविले. २७ एप्रिल १९२६ रोजीं त्यानें जगाचा विक्रम मोडला आणि दुसऱ्याच दिवशीं, जणूं मन भरलें नाहीं म्हणून, तो ताशीं १७१.०२ मैलांवर नेला. पण १९२७ च्या फेब्रुवारींत माल्कम कँबेलनें त्याच वाळूवर ताशीं १७४.८८ मैल गांठले. महिना उलटण्यापूर्वींच, ३ मार्चला, टॉमस गेलेला मान परत मिळविण्यास आला. भर वेगांत गाडी उलटली व तो जागींच ठार झाला. त्याचा देह सरे परगण्यांत बायफ्लीट येथें पुरला. गाडीस पेंडाइनच्या वाळूंतच मूठमाती मिळाली.

सांखळी तुटून तिचा फटका त्याच्या मानेस बसला, असें त्या वेळीं बहुतेकांनीं धरलें. म्हणजे दोष जुन्या रचनेचा, आणि पर्यायानें तिच्यावर विसंबणाऱ्या टॉमसचा! साक्ष देणारी गाडीच पुरली गेल्यामुळें हा निकाल तसाच राहिला.

१९६९ सालीं बँगर येथील एंजिनियरिंगचे अध्यापक ओवेन विन ओवेन यांनीं ती उकरून काढली. एका शूराच्या स्मारकास हात लावावा काय, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत यावा. तो केवळ भाबडेपणाचा नव्हे. परंतु वाळूखालीं गाडीस शांति नव्हती, तेथें फक्त गंज होता. खाऱ्या ओलाव्यानें पत्र्याचा बराच नाश केला होता. केपल क्यूरिग येथें ओवेन यांनीं वर्षानुवर्षें एकेक तुकडा साफ केला. जें वांचलें तें ठेविलें, जें राहिलेंच नव्हतें तें नवें घडविलें. इतकें नवें घातल्यावर गाडी तीच कशी, असें कोणी विचारील. पण जुन्या वाड्याचे वांसे बदलले म्हणून त्याचें नांव कोणी बदलीत नाहीं.

अवशेषांच्या तपासणीवरून एक निराळें मतहि पुढें आलें: मागचें चाक आधीं निकामी झालें असावें, आणि सांखळी नंतर तुटली असावी. हें खरें असेल तर अपघाताचें मूळ सांखळींत नव्हतें. चाळीस वर्षें टॉमसच्या योजकतेवर राहिलेला हा डाग पुसट करण्यास ती वाळू उपसणें अवश्यच होतें.

बॅब्स नुसती उभी राहिली नाहीं, तर तिचें तें प्रचंड एंजिनहि पुन्हां सुरू झालें. पुढें पेंडाइन आणि ब्रुकलंड्स या दोन्ही ठिकाणच्या संग्रहालयांत ती लोकांस पाहावयास मिळूं लागली.