कोसंबी, धर्मानंद : बौद्ध विचार आणि लोककार्य
धर्मानंद कोसंबी (1876–1947) यांनी 1912 पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. बौद्ध विचार त्यांनी मठापुरता ठेवला नाही. 1930 मध्ये मिठाच्या सत्याग्रहात उतरून त्यांनी तुरुंगवास पत्करला. पाली साहित्यही लोकांमधलेच आहे. मुळे किती खोल गेली हे पाहून पाणी घालायचे म्हणून रोपेच उपटणारी जातककथेतली माकडे हसवतात, आणि अविचारी वृक्षसेवेचे नेमके दर्शनही घडवतात. ‘भगवान बुद्ध’ या आपल्या ग्रंथात कोसंबींनी बुद्धांच्या गृहत्यागामागे शाक्य आणि कोलिय या कुळांचा रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तंटा पाहिला. त्यांनी आधार घेतलेल्या अत्तदंडसुत्त या पाली सुत्तात रोहिणीचे नाव नाही, हा आक्षेप रास्त आहे. मात्र आटत्या पाण्यातल्या माशांसारखी तडफडणारी, एकमेकांशी झगडणारी माणसे त्या सुत्तात आहेत, आणि रोहिणीचा तंटा अट्ठकथांत, म्हणजे पाली भाष्यांत, नोंदलेला आहे.